गजभिये मॅडमची मंदी

किंमत ऐकली की गजभिये मॅडम चष्मा काढत. पदराच्या टोकाने काच पुसत, खिडकीच्या उजेडाकडे धरून बघत, पुन्हा पुसत. तोंडातून अक्षर नाही. समोर बसलेला विक्रेता त्या काचांकडे टक लावून बघत राही. डावी काच होईपर्यंत तो चुळबुळायला लागे आणि उजवी हातात आली की आपणहून म्हणे, तुमच्यासाठी थोडं कमी करू. एकदा एका परदेशी कंपनीचा टायवाला साहेब आला होता. त्या दिवशी नगर रस्त्याच्या धुळीने चष्मा खरोखरच मळलेला होता, त्यामुळे पुसणं लांबलं. त्या माणसाने दोनदा दर उतरवला आणि वाहतुकीचा खर्चही स्वतःच्या अंगावर घेतला. तो गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "दाते, मी तर काही बोललेच नाही. हा असा काहून करून राहिला होता?"

दाते म्हणजे मी. वाघोलीच्या पुढे नगर रस्त्याला लागून आमचा पंपांचा कारखाना आहे. तिथल्या खरेदी विभागात मॅडम प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. कारखान्याला लागणारी प्रत्येक वस्तू, लोखंडी पत्र्यापासून संडासातल्या साबणापर्यंत, आम्ही आणतो. माल वेळेवर आला तर या विभागाची आठवण कुणालाही होत नाही. एक खोका उशिरा आला की मात्र सगळा कारखाना आमच्या नावाने बोटं मोडतो. इथे टिकायला एकतर कातडी जाड लागते किंवा स्वभाव विनोदी लागतो. मॅडमकडे दोन्ही होतं, कारण कुठल्याही बाबतीत एकाच गोष्टीवर विसंबून राहायचं नाही हा त्यांचा नियमच होता.

त्या नियमाला त्या 'दोन दुकानं' म्हणत. प्रत्येक मालाला दोन पुरवठादार हवेत. एक रुसला, आजारी पडला, त्याच्या मुलीचं लग्न निघालं, तर दुसरा हाताशी पाहिजे. कारखान्यापुरतं हे ठीक होतं, पण मॅडमनी ते घरीही नेलं होतं. वाघोलीला त्यांच्या घरी दोन दूधवाले येत, पर्समध्ये दोन घडीच्या छत्र्या असत आणि दातांचे डॉक्टरही दोन होते. त्यातल्या एकाने दाढेचा खर्च सांगितला तेव्हा तोंड उघडं असतानाच त्यांनी चष्मा काढला, असं त्यांचे यजमान सांगत. यजमान बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय शांत गृहस्थ. मी एकदा धीर करून विचारलं, की मॅडम, नवरा मात्र एकच कसा? त्या गंभीरपणे म्हणाल्या, "तो माल दुसरं कोणी बनवतच नाही ना बाप्पा."

मूळच्या त्या भंडाऱ्याकडच्या, शिकल्या नागपुरात. निम्मं आयुष्य पुण्यात काढूनही बोलणं तिकडचंच राहिलं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायची रजा त्या जानेवारीतच टाकून ठेवत आणि ती नाकारायची छाती कुठल्याही साहेबाला झाली नाही. पुण्याबद्दल त्यांची मतं पक्की होती. तुमच्याकडे माणूस तोंडाने 'या' म्हणतो अन् हाताने दार लावून राहिला असतो, हे त्या मला दर आठवड्याला ऐकवत. मी कर्वेनगरचा, त्यामुळे सगळ्या शहराच्या वतीने मलाच ऐकून घ्यावं लागे. उलट बोलायची सोय नव्हती. त्या एकदा आमच्या घरी आल्या होत्या, तेव्हा वडिलांनी 'बसा' म्हणायच्या आधी 'किती वेळ आहे आपल्याकडे?' असं विचारलं होतं.

मग मंदी आली. मंदी आल्याचं कुणी सांगत नाही, ते कँटीनमध्ये कळतं. आधी बुधवारचा शिरा गेला. मग कर्वेनगरची आणि हडपसरची बस एक झाली आणि मी रोज सकाळी अर्धं पुणं बघून कामावर यायला लागलो. पाहुण्यांचा चहा बंद केल्याची सूचना लागली. कागदाच्या दोन्ही बाजू वापराव्यात अशी दुसरी सूचना प्रत्येकाच्या टेबलावर आली, आणि ती एकाच बाजूला छापलेली होती. पंपांची मागणी निम्म्यावर आली. तयार पंप गोदामात मावेनात, म्हणून ते बॅडमिंटनच्या कोर्टवर ओळीने उभे करून ठेवले.

मंदीत विकणाऱ्याचे हाल होतात हे सगळ्यांना माहीत असतं. घेणाऱ्याचे काय होतात ते आम्हाला विचारा. घ्यायचं काहीच नाही आणि विकायला सगळा जिल्हा दारात. सकाळपासून आमच्या बाहेरच्या बाकांवर पुरवठादार येऊन बसत. ऑर्डर मिळणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण घरी बसवत नव्हतं. मॅडम एकेकाला आत बोलावत, मुलांच्या परीक्षांची चौकशी करत, ऑर्डर नाही हे स्पष्ट सांगत आणि वर चहा देत. कंपनीचा चहा बंद झाल्यावर त्या घरून थर्मास आणायला लागल्या. अर्थात दोन, एक साखरेचा आणि एक बिनसाखरेचा. मी म्हटलं, यांच्याकडून आपल्याला सध्या काही घ्यायचंच नाही, मग हा खटाटोप कशाला? त्या म्हणाल्या, "मंदी जाईल दाते. तिच्यासोबत हे लोकही गेले, तर मग माल काय आभाळातून पडणार आहे?"

त्याच वर्षी मॅडम निवृत्त व्हायच्या होत्या. आमच्याकडे चांगल्या माणसाला दोन वर्षांची मुदतवाढ देतात आणि ती त्यांना मिळणार हे सगळेच धरून चालले होते. त्यांना ती हवी होती आणि त्या ते लपवत नसत. घरी बसले तर मला दर सांगायला येईल कोण, असं हसत विचारत. पण यजमानांनी मला एकदा बाजूला घेतलं होतं. म्हणाले, रविवारी संध्याकाळपर्यंत मी हिला कसंबसं सांभाळतो, सगळेच वार रविवार झाले तर हिचं काय होईल सांगता येत नाही. बोलताना ते नेहमीसारखे शांत होते, पण घाबरलेले दिसत होते.

मुदतवाढीचा तो कागद सहीसाठी भसीन साहेबांच्या टेबलावर होता. भसीन साहेब म्हणजे खर्च कमी करण्यासाठी कंपनीने बाहेरून बोलावलेले सल्लागार. तरुण, तरतरीत, सगळं पडद्यावर चित्रं दाखवून समजावणारे. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांनी आयुष्यात कधी पंप उघडून पाहिला नव्हता आणि तशी गरज आहे असंही त्यांना वाटत नव्हतं. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक पुरवठादाराला पत्र जाईल, सर्वांनी दरात दहा टक्के कपात करावी. मॅडम म्हणाल्या, सरसकट नको, प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे. साहेब म्हणाले, नो एक्सेप्शन्स, यादीतल्या प्रत्येकाला पाठवा. मॅडमनी दोनदा विचारून घेतलं, की प्रत्येकाला? साहेब दोन्ही वेळा हो म्हणाले.

मग मॅडमनी खरोखरच प्रत्येकाला पाठवलं. आमच्या यादीत कंपनी ज्यांना ज्यांना पैसे देते ते सगळे असतात. पत्र वीज कंपनीला गेलं, पाण्याच्या टँकरवाल्याला गेलं, आवारात निघालेले साप पकडायला येणाऱ्या मित्रमंडळाला गेलं. भसीन साहेबांच्या स्वतःच्या सल्लागार संस्थेलाही गेलं. 'सद्यःस्थितीत आपणही आमच्या दुःखात सहभागी व्हाल अशी खात्री आहे', असं त्यात शेवटी होतं. ते वाक्य साहेबांनीच घातलं होतं.

उत्तरं यायला लागली. वीज कंपनीने उत्तर दिलं नाही, त्या महिन्याचं बिल मात्र लवकर पाठवलं. साप पकडणाऱ्यांनी कळवलं की दहातले नऊ साप पकडू. सगळ्यात सुंदर पत्र खंडेनवमीला यंत्रांची पूजा करणाऱ्या आमच्या गुरुजींचं होतं. स्वच्छ अक्षरात त्यांनी लिहिलं होतं: 'आपले पत्र पावले. दक्षिणेत दहा टक्के कपात मान्य आहे. त्या प्रमाणात कोणते मंत्र वगळावेत हे आपल्या तज्ज्ञांनी कळवावे, म्हणजे नंतर तक्रार नको.' हे पत्र भसीन साहेबांपुढे ठेवताना मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. साहेबांची संस्था मात्र खरोखरच अडचणीत आली, कारण तिला नाही म्हणता येईना. शेवटी तिने कपात मान्य केली. मंदीच्या काळात सरळ मार्गाने झालेली आमची तेवढी एकच बचत.

खरं संकट त्यानंतर आलं, आणि ते पितळी बुशच्या रूपाने आलं. बुश म्हणजे पंपाचा दांडा ज्यात फिरतो ती पितळेची कडी. दिसायला बांगडीएवढी, पण ती नसली तर पंप जागचा हलत नाही. नियमाप्रमाणे आमची त्यासाठी दोन दुकानं होती. एक हडपसरचे गृहस्थ, एक भोसरीचे. दोघांचं हाडवैर. हडपसरवाले म्हणत, भोसरीचा माल म्हणजे भंगार. भोसरीवाले हडपसरचं नाव काढताच कानावर हात ठेवत. आम्ही वर्षानुवर्षं या दोघांना एकमेकांशी लढवून दर खाली आणत होतो आणि मॅडमना आपल्या नियमाचा हा नमुना फार प्रिय होता. नव्या माणसाला शिकवताना त्या बुशचंच उदाहरण देत. आमच्या तपासणी विभागाचंही मत ठरलेलं होतं: हडपसरचा बुश अ दर्जाचा, भोसरीचा ब.

दहा टक्क्यांच्या पत्रानंतर दोघांचंही उत्तर एकाच दिवशी आलं. पुढच्या महिन्यापासून बुश देता येणार नाहीत. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तारखा ताडून पाहिल्या. हाडवैर असलेली माणसं एकाच दिवशी आजारी पडत नाहीत, असं त्या म्हणाल्या आणि उठून गेटवर गेल्या. मी मागोमाग. हडपसरचा शेवटचा माल उतरवून एक टेम्पो नुकताच मोकळा झाला होता. मॅडमनी ड्रायव्हरला विचारलं, भोसरीचा माल कोण आणतं? तो म्हणाला, मीच. मग भोसरीहून भरतोस का? तो म्हणाला, "न्हाई ओ. दोन्ही लोणी काळभोरातनंच उचलतो. एकाच शेडातनं." हे आधी का सांगितलं नाहीस, असं मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

मॅडम तिथल्या कठड्यावर बसल्या. मला वाटलं त्यांना चक्कर आली. पण त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. इतकी वर्षं आम्ही एका माणसाला त्याच्याशीच लढवत होतो आणि एकदा अ तर एकदा ब ठरवत होतो. हसणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि त्याच टेम्पोत पुढे चढून बसल्या. कंपनीची गाडी काटकसरीत गेलेली होती. मी मधे गिअरच्या दांड्याशी अंग चोरून बसलो आणि आम्ही केसनंद, थेऊर करत लोणी काळभोरला गेलो.

उसाच्या फडाला लागून पत्र्याची शेड, आत लेथ मशीनं, बाहेर दोन म्हशी. मालक बबनराव, पांढऱ्या मिशांचा, धिप्पाड माणूस. त्याने आमचं स्वागत केलं ते मशीनं विकल्याच्या बातमीने. परवा भंगारवाला येऊन मशीनं घेऊन जाणार होता. हडपसरवाल्याने दहा टक्के कमी करायला सांगितले, भोसरीवाल्यानेही दहा सांगितले, आणि दोघांनी स्वतःचे मधले पैसे आहेत तसेच ठेवले. आता पितळ घ्यायलाही पुरत नव्हतं. मशीनं गेली की शेडची जागा लग्नाच्या हॉलवाल्याला गाड्या लावायला भाड्याने द्यायची, असं त्याने ठरवलं होतं. बापाने घेतलेलं पहिलं लेथ तेवढं ठेवणार होता, कारण बायको ते देऊ देत नव्हती.

मॅडमनी आधी एक शंका फेडून घेतली. दोघांचा माल एकच आहे ना? बबनराव म्हणाला, एकच. मग हडपसरचा चांगला कसा ठरतो? तो मिशीत हसला. हडपसरवाले दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवतात, म्हणून त्यांचे बुश तो फडक्याने पुसून देत असे. आमच्या तपासणी विभागाचं सगळं शास्त्र त्या फडक्यात होतं.

मग मॅडम मुद्द्यावर आल्या. मधले दोघं बाजूला ठेवू, तुम्ही आम्हाला थेट द्या, बोला काय दर लावणार. आणि इथे मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात विचित्र सौदा पाहिला. मोठ्या कंपनीची मॅडम स्वतः दारात आली या कल्पनेने बबनराव हरखला, आणि काम हातचं जाऊ नये म्हणून त्याने असा दर सांगितला की तो ऐकून मॅडम दचकल्या. मधल्या माणसांकडून त्याला मिळत होता त्याच्याही खालचा.

"एवढ्यात तुम्हाला नाही परवडणार," मॅडम म्हणाल्या.

बबनरावाने हे आयुष्यभर उलट्या अर्थानेच ऐकलेलं होतं. तो म्हणाला, बरं, अजून थोडं कमी करतो. मॅडमनी समजावलं, की अहो, या दरात दिवाळीपर्यंत तुमचा धंदा बसेल अन् आमचाही. त्याने आणखी कमी केलं. शेडमधल्या पितळेच्या किसाने मॅडमचा चष्मा पार धुरकटला होता. त्यांनी तो काढला आणि पुसायला घेतला. एवढं झालं मात्र, बबनरावाला घाम फुटला. डावी काच पुसून व्हायच्या आत त्याने वाहतूक फुकट केली आणि उजव्या काचेला वर खोकी स्वतःची देतो म्हणाला. मॅडमनी चष्मा घाईघाईने नाकावर चढवला, मळका होता तसाच. पहिल्यांदाच पाहिलं मी त्यांना घाबरलेलं.

"बबनराव, खाली काहून जाऊन राहिले? वर या. वर या म्हणते मी."

तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मीही काय सांगणार होतो, मला तरी कुठे सवय होती. शेवटी म्हशींना वैरण टाकणाऱ्या त्याच्या बायकोने तिथूनच आवाज दिला, "आवं, त्या वाढवाया सांगत्यात. वाढवा की." मग बबनराव एक एक रुपयाने वर यायला लागला, प्रत्येक रुपयाला थांबून मॅडमच्या तोंडाकडे बघत, जणू पुढची पायरी आहे की नाही हे पायाने चाचपतोय. त्याच्या पोटापुरतं आणि वर दोन पैसे राहतील इतकं झाल्यावर मॅडम म्हणाल्या, बस, इथे थांबा. तरीही तो दर आम्ही मधल्या दोघांना देत होतो त्याच्यापेक्षा कमीच होता. आमचेही वाचत होते. परत येताना वाघोली आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "कमी करायला शिकवलं आपण या लोकांना दाते. माणूस विसरूनच गेला, की वाढवूनही मागता येतं."

मी निर्धास्त होतो. कंपनीचा फायदा, बबनरावाचा फायदा, यात कोण नाही म्हणेल? भसीन साहेब नाही म्हणाले. पुरवठादारांची यादी निम्मी करायचा हुकूम होता, तिच्यात नवं नाव घालता येणार नाही. आणि मॅडमनी बबनरावाला पंधरा दिवसांत पैसे द्यायचं कबूल केलं होतं, तर नवा नियम चार महिन्यांचा. चार महिन्यांनी पैसे मिळणार असतील तर तो मशीनं परवाच विकेल, मॅडमनी सांगितलं. साहेबांनी पडद्यावर चित्र दाखवलं. त्यात बबनराव कुठेच नव्हता.

तातडीच्या मालाची ऑर्डर स्वतःच्या सहीने काढायचा अधिकार खरेदी प्रमुखाला असतो. मॅडमनी तो कधी वापरला नव्हता. साहेबांनी आवाज खाली आणून, अगदी सभ्यपणे त्यांना आठवण करून दिली, की त्यांच्या मुदतवाढीच्या कागदावर सही अजून व्हायची आहे आणि अशी ऑर्डर निघाली तर वरच्यांना समजावणं अवघड जाईल. मी त्या खोलीत होतो. मॅडमनी चष्मा काढला नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही मला दर सांगून राहिले. ठीक आहे. मला मान्य आहे." साहेबांना वाटलं त्यांनी माघार घेतली. आपल्या टेबलावर परत येऊन मॅडमनी बबनरावाच्या नावे पूर्ण वर्षाची ऑर्डर काढली, पैसे पंधरा दिवसांत, आणि खाली सही केली. मला म्हणाल्या, लगेच फोन करा त्याला, भंगारवाल्याला परत पाठव म्हणावं.

मी म्हटलं, मॅडम, तुमची दोन वर्षं. त्या माझ्यावर खेकसल्या, की आधी फोन करा.

त्या महिन्यात कारखाना एक दिवसही बंद पडला नाही. महिन्याच्या अखेरीस मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभाचा खर्च गोठवलेला होता, म्हणून आम्हीच थोडे पैसे जमवून समोसे आणले, आणि ते आणणाऱ्याशी मॅडमनी शेवटची घासाघीस केली. भसीन साहेबही आले, छान बोलले. यजमानांनी फोन करून मला विचारलं, ती रडली का? मी नाही म्हणालो आणि ते खरं होतं. रडलो मी, झेरॉक्सच्या खोलीत जाऊन, दोन मिनिटं.

संध्याकाळी त्यांना गेटपर्यंत पोचवायला गेलो तर समोर बबनराव. तो पहिल्यांदाच स्वतः माल घेऊन आला होता, कडक इस्त्रीचे कपडे घालून, बायकोला टेम्पोत बसवून. मॅडमना बघताच त्याने नमस्कार केला आणि लगेच तक्रारीला सुरुवात केली. पितळ महागलं होतं. पंधरा दिवस म्हणता आणि सतरा दिवसांनी पैसे देता. शेजारचा पोरगा मुंबईच्या कंपनीला माल देतो, त्याला जास्त मिळतात.

"पुढच्या साली येवढ्यात जमायचं न्हाई म्याडम. वाढवून पायजेल. लई चिकट हाय तुमी लोक."

मी तोंड उघडलं. याला कुणीतरी सांगायला हवं होतं, की बाबा, या बाईंनी तुझ्या दरासाठी काय मोजलंय. मॅडमनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी तोंड मिटलं. मग त्या बबनरावाकडे वळल्या आणि त्यांचा चेहरा इतका फुलला होता, की तसा मी तो कुठल्याही सौद्यानंतर पाहिला नव्हता.

"असं बोला ना," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी या, अन् वाढवूनच मागा. सोडू नका बिलकूल."

"येनार. तुमच्याकडंच येनार. दुसऱ्या कुनाशी बोलनार न्हाई मी."

"या," मॅडम म्हणाल्या.

टेम्पो रिकामा वाघोलीवरूनच जाणार होता. बबनरावाच्या बायकोने सरकून जागा केली आणि मॅडम पुढे चढल्या, मांडीवर पर्स आणि दोन्ही थर्मास घेऊन. टेम्पो गेटमधून बाहेर पडून रस्त्याला लागला तेव्हा बबनराव हातवारे करून त्यांना अजून काहीतरी पटवत होता आणि त्या मान हलवून नाही म्हणत होत्या.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. बबनरावाची ऑर्डर पुढच्या महिन्यात संपते आहे. काल त्याचा फोन आला होता, सोमवारी येतो म्हणाला, मॅडमना सांगून ठेवा.